मालेला गेलेला कागद

कित्तेरीची शेड जुन्या बंदराच्या रस्त्यावर, बर्फाच्या कारखान्याला लागून होती. वर पत्रा, पुढं अंगण आणि अंगणात सिमेंटचा मोठा हौद. त्या हौदात कुणी कपडे धूत नसे की भांडी विसळत नसे. कित्तेरी त्यात कागद बुडवायची.

शिवकाशीच्या छापखान्यांतून रजिस्टरं, फायली, पाकिटं, कार्बन, शाई असा कचेरीचा माल तिच्याकडे बांधायला यायचा आणि इथून समुद्रमार्गे कोलंबोला नाहीतर मालदीवच्या मालेला जायचा. दुसरे पॅकिंगवाले गठ्ठ्याला खाकी कागद गुंडाळायचे, सुतळी आवळायचे, की झालं काम. कित्तेरी गठ्ठा आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची, पिशवीचं तोंड तापलेल्या पट्टीनं चिकटवायची, मग खोका, खोक्यावर पुन्हा प्लॅस्टिक आणि त्यावर गोणपाट. शाईच्या बाटल्या लाकडाच्या भुशात उभ्या करायची. आणि प्रत्येक खेपेतला एक गठ्ठा उचलून हौदात टाकायची, वर दगड ठेवायची. सकाळी बुडवलेला गठ्ठा संध्याकाळी फोडायचा. आतलं एक पान जरी हाताला दमट लागलं, तरी सगळा माल पुन्हा सोडून बांधायला घ्यायची.

"अक्का, कागदाला बाप्तिस्मा देताय होय?" आमच्या गलबतावरचा पोरगा रायप्पन येता-जाता विचारायचा.

"हो ना. तुझा लागलेला दिसत नाही. ये, परत एकदा बुडवते."

तूत्तुकुडीत, आमच्या या तमिळ बंदरगावात, तिच्या या हौदाची सगळेच चेष्टा करत, पण माल मात्र तिच्याकडे येत राही. मी तिला लहानपणापासून ओळखतो. मी गब्रियेल, 'आरोक्यमाता' या तोणीवरचा स्वयंपाकी. तोणी म्हणजे आमचं लाकडी गलबत. त्याच्यावरचा स्वयंपाकी भात शिजवतो, शीड ओढतो, सुकाणू धरतो आणि वर शिव्याही खातो. आमचा तांडेल सिलुवै. कित्तेरीचा नवरा तोम्मै हा सिलुवैचा धाकटा भाऊ. म्हणजे सिलुवै तिचा थोरला दीर. पण तोम्मै गेल्यापासून दोघांत एक शब्द नव्हता. एकाच देवळात एकाच मिस्साला यायचे. ती डावीकडच्या बायकांत बसायची, तो उजवीकडच्या खांबाला टेकून उभा राहायचा आणि शेवटचा आशीर्वाद व्हायच्या आत निघून जायचा.

सुनामीनंतरच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. एप्रिल संपत आला होता. आमचा हंगाम तेवढ्यातच आटोपतो. वारा फिरतो, समुद्र फुगायला लागतो, आणि तोण्या एकेक करून किनाऱ्यावर ओढल्या जातात. अशा वेळी कित्तेरीच्या शेडवर मालदीवचा एक माणूस आला. नझीम त्याचं नाव. बारकासा, टक्कल पडलेला, बोलताना सारखा चष्मा पुसणारा. तिकडच्या एका लांबच्या बेटावरच्या कचेरीत तो कारकून होता. त्याच्या बेटावरून सुनामीचं पाणी आरपार गेलं होतं. माणसं त्यांनी शोधली, पुरली. घरं आता नव्यानं बांधून होत आली होती. पण कचेरी, शाळा, दवाखाना यांतला कागदाचा कपटाही राहिला नव्हता. कोण कुणाचा मुलगा, कुणाचं घर कुठं होतं, कशालाच पुरावा नाही. पावसाच्या आत घरांची वाटणी सुरू व्हायची होती आणि लिहायला साधं रजिस्टर नव्हतं.

"कंटेनरनं पाठवा की," कित्तेरी म्हणाली. "तो सुरक्षित."

"कंटेनरला जागा मिळतेय ती जूनच्या शेवटी," नझीम म्हणाला. आमची भाषा तो तोडकी-मोडकी बोलायचा. "बाई, आमचे लोक तंबूत आहेत. पाऊस तंबूत काढायचा म्हणजे…" त्यानं पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

पाण्यात तेव्हा एकच तोणी उरली होती. आमची.

दुसऱ्या दिवशी कित्तेरी धक्क्यावर आली तेव्हा मी मासे साफ करत बसलो होतो आणि सिलुवै माझ्या शेजारीच दोर तपासत होता. ती त्याच्याकडे न बघता माझ्यापुढं उभी राहिली.

"गब्रियेल अण्णा, तांडेलना विचारा, मालेची एक खेप घेणार का?"

सिलुवैनं दोरावरची नजर काढली नाही. "गब्रियेल, विचार तिला, माल काय आहे?"

"कचेरीचं सामान म्हणावं. कागद, रजिस्टरं, फायली, शाई. खुर्च्या आहेत, चार लोखंडी कपाटं आहेत."

कागद म्हटल्यावर सिलुवैचा हात थांबला. "कागद नको म्हणून सांग."

"दुसरी तोणी नाही म्हणून सांगा."

"मी काय टपालपेटी आहे का?" मी वैतागून सुरी खाली ठेवली. "दोघांत हातभर अंतर नाही, आणि निरोप माझ्याकडून!"

कुणीच हसलं नाही. मग कित्तेरीनं मलाच नझीमची हकिकत सांगायला सुरुवात केली. बेट, तंबू, पाऊस, सगळं. सांगता सांगता तिचं तोंड केव्हा सिलुवैकडे वळलं ते तिलाही कळलं नसावं. सिलुवै ऐकत राहिला. ऐकून झाल्यावर उठला, दोराचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि जाता जाता म्हणाला, "आणू दे तिला माल."

तोम्मै कसा गेला ते इथं सांगायला हवं. अशाच एका उशिराच्या खेपेला आम्ही याच गलबतानं कोलंबोला निघालो होतो. पोटात कौलं आणि वर शाळेच्या वह्यांचे गठ्ठे, नुसते सुतळीनं बांधलेले. वाटेत समुद्र उसळला आणि एक फळी सुटून आत पाणी यायला लागलं. पाणी येणं नवं नाही. पंप असतो, पाणी उपसत राहायचं. पण वह्या भिजल्या, फुगल्या, सुतळ्या तुटल्या, आणि थोड्याच वेळात गलबताच्या पोटात इडलीच्या पिठासारखा लगदा तरंगायला लागला. पंपाचं तोंड त्यानं गच्च भरलं. पंप बंद म्हणजे गलबत गेलंच. सुकाणू सिलुवैच्या हातात होतं, ते सोडण्यासारखं नव्हतं. त्यानं तोम्मैला हाक मारली, "खाली जा, तोंड मोकळं कर." तोम्मै गेला, हातानं लगदा काढून आला. पंप चालला, पुन्हा अडला. तो पुन्हा गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा गलबत एका बाजूला पडलं आणि कौलांची अख्खी थप्पी त्याच्या अंगावर आली. पंप त्यानं मोकळा केला होता, म्हणून आम्ही बाकीचे जिवंत परत आलो.

धक्क्यावर कित्तेरीनं एकच विचारलं होतं, "खाली जा असं कोण म्हणालं?"

"मी," सिलुवै म्हणाला होता.

त्यावर ती काही बोलली नाही आणि नंतरही कधी बोलली नाही. त्याच वर्षी तिनं तोम्मै गेल्याबद्दल मिळाले ते पैसे घालून ही शेड घेतली.

आता मालेच्या मालाची भरणी सुरू झाली तेव्हा ती रोज धक्क्यावर यायला लागली. यायची आणि सगळ्यांना सळो की पळो करून सोडायची. तळाला लाकडी फळ्या टाका, माल फळीला भिडवू नका. कपाटं रिकामी नेऊ नका, आत फायली भरून दारं दोरानं आवळा. खुर्च्या एकात एक घालून बांधा. इथवर सिलुवैनं ऐकून घेतलं. पण मग ती म्हणाली की दोन्ही बाजूंच्या मालाला उभ्या-आडव्या फळ्या ठोका आणि मधून पंपापर्यंत माणूस जाईल एवढी वाट मोकळी ठेवा.

"एवढी जागा सोडायची?" सिलुवै पहिल्यांदाच सरळ तिच्याशी बोलला. "तेवढ्यात माझी कांद्याची पोती बसतील!"

"कांदे कमी न्या."

"गलबताचा मालक मला कमी देईल मग."

"मग तुम्हीही कमी खा. पोट सुटलंय तुमचं."

रायप्पन फिस्सकन हसला. सिलुवैनं त्याच्याकडे असं बघितलं की तो लगेच फळ्या आणायला पळाला. वाट सोडली गेली.

खरी वादावादी झाली ती निघायच्या आदल्या सकाळी. एका व्यापाऱ्यानं शेवटच्या क्षणी मालेसाठी वह्या पाठवल्या होत्या. ट्रकमधून गठ्ठे उतरायला लागले, नुसत्या सुतळीचे. कित्तेरी तिथंच होती. तिनं पदर खोचला आणि ट्रक नि गलबत यांच्या मधल्या फळीवर जाऊन उभी राहिली.

"हे असे नाही चढायचे."

"बाई, तुमचा माल आहे का हा?" व्यापाऱ्याचा माणूस ओरडला.

"नाही."

सिलुवै खाली उतरून आला. "कित्तेरी, बाजूला हो. दुसऱ्याच्या मालाशी तुला काय करायचंय?"

"कागद कुणाचा आहे ते पंपाला कळतं का?"

ट्रकवरच्या हमालांनी हात थांबवला. कित्तेरीचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता.

"त्यांना घरी आणलं तेव्हा शेवटची अंघोळ मी घातली. नखांखाली कागद होता. पांढरा, घट्ट बसलेला. मी काडीनं काढत होते. सगळ्या बायका म्हणाल्या, राहू दे आता, उशीर होतोय. एका बोटाचा राहिलाच." तिनं श्वास घेतला. "तुम्हाला काय वाटलं? शिवकाशीच्या मालकांचा कागद कोरडा राहावा म्हणून मी ते हौद आणि पिशव्या करते? त्यांचा कागद भिजला काय नि जळला काय. तो पंपात जाता कामा नये. पंप अडला की मग कुणालातरी खाली जा म्हणावं लागतं."

सिलुवै धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्यावर बसला. समुद्राकडे पाठ करून, हात दोन्ही गुडघ्यांवर. मग उठला आणि व्यापाऱ्याच्या माणसाला म्हणाला, "गठ्ठे हिच्या शेडवर ने."

"अहो तांडेल, उशीर होईल. मालक माझी कातडी सोलेल."

"मग मालकाला सांग, सिलुवै म्हणाला असा माल मी नेत नाही. बघू दुसरं गलबत मिळतंय का त्याला."

त्या दिवशी गलबतावरचे सगळे शेडवर गेलो. मी पिशव्या भरल्या, कित्तेरीनं तोंडं चिकटवली, रायप्पननं गोणपाट शिवलं आणि बोटाला सुई टोचून घेऊन तिन्ही त्रिकाळ मातेचा धावा केला. सिलुवै खोके उचलून ट्रकमध्ये ठेवत राहिला. दुपारी कित्तेरीनं सगळ्यांना भात आणि मीन कुळंबु, म्हणजे माशाचं कालवण, वाढलं. सिलुवैच्या पानापुढं तिनं भांडं नुसतं ठेवलं. त्यानं आपलं आपण वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी निघालो. पहिला दिवस छान गेला. इंजिन व्यवस्थित चाललं होतं, वाराही मागून होता. नझीम आमच्याबरोबरच होता. त्याला गलबत लागलं नाही, मला मात्र त्याच्या बडबडीनं गरगरायला लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पश्चिमेकडचं आभाळ शिशासारखं झालं. सिलुवैनं शीड उतरवायला लावलं, सामान बांधून घ्यायला सांगितलं. बांधून होतंय तोवर पहिली लाट वरून गेली.

मी पुष्कळ वादळं बघितली आहेत, त्यामुळं हे सगळ्यांत मोठं होतं असं म्हणणार नाही. पण गलबत जुनं होतं. नाळेजवळच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, फळ्या कण्हायला लागल्या आणि रायप्पन खालून वर येऊन म्हणाला, "अण्णा, पाणी आलंय." सिलुवैनं पंप चालू करायला सांगितलं. पंप धडधडला आणि बाजूनं पाण्याची जाड धार पडायला लागली. स्वच्छ पाणी. सिलुवै सुकाणू धरून एकटक त्या धारेकडे बघत होता.

वरचं वजन कमी करणं भाग होतं. लोखंडी कपाटं वर, डोलकाठीच्या मागं बांधलेली होती. प्रत्येक हेलकाव्याला त्यांचा दोर ताणला जायचा.

"कपाटं टाका," सिलुवै म्हणाला.

नझीम माझ्या दंडाला धरून उभा होता. त्याच्याकडे बघायचा मला धीर झाला नाही. आम्ही मिळून दोन कपाटं पाण्यात लोटली. तिसऱ्याचा दोर सोडत होतो तेवढ्यात पंपाचा आवाज बदलला. धार बारीक झाली, थुंकल्यासारखी पडायला लागली, आणि थांबली.

रायप्पन पांढराफटक पडला. "कागद…"

"कागद नाही तो," सिलुवै म्हणाला. ते तो त्याला सांगत होता की स्वतःला, देव जाणे. मग रायप्पन पोटात उतरायच्या झाकणफळीकडे जायला निघाला. सिलुवैनं त्याची कॉलर धरून त्याला मागं ओढलं.

"गब्रियेल, सुकाणू घे."

"अण्णा, तू?"

"लाट तोंडावर घे. आडवं पडू देऊ नको गलबत. बाकी मी बघतो."

त्यानं माझे हात सुकाणूवर ठेवले, वर स्वतःच्या हातांनी एकदा दाबले आणि तो खाली गेला. मी लाटा बघत राहिलो. दुसरं काही बघायची सोय नव्हती. प्रत्येक लाट तोंडावर घेत होतो आणि प्रत्येक वेळी गलबत कललं की पोटात काहीतरी घसरल्याचा आवाज येतोय का ते ऐकत होतो. एकदा गलबत फार कललं. रायप्पननं डोळे मिटले. फळ्या करकरल्या, दोर करकरले, पण धाडकन काही पडलं नाही. मग सरळ झालो. नझीम झाकणाशी पोटावर झोपून आत बघत होता. "दिसतोय," तो ओरडला, "पाणी छातीला आहे, पण वाट मोकळी आहे, दिसतोय!"

पंप पुन्हा धडधडला. सिलुवै वर आला तेव्हा त्याचा उजवा हात कोपरापर्यंत रक्तानं भरलेला होता आणि मुठीत कांद्याची साल आणि गोणपाटाचे धागे होते. कांद्याची दोन पोती फुटली होती. त्यानं मूठ उघडून आम्हाला दाखवली आणि हसायला लागला. इतक्या वर्षांत तो हसलेला मी पाहिला नव्हता. हसता हसता तो खाली बसला आणि ते हसणं कुठं संपलं ते आम्हाला कळलं नाही. मी पुढं लाटांकडे बघत सुकाणू धरून उभा राहिलो.

संध्याकाळपर्यंत वारा पडला. मालेला पोहोचलो तेव्हा आमचा अवतार बघून बंदरातले लोक कामं सोडून आले. माल उतरला. खालच्या थरातले खोके बाहेरून चिंब होते, गोणपाटाला शेवाळासारखा वास येत होता. नझीमनं एक खोका तिथंच धक्क्यावर फोडला. पिशवीचं तोंड कापलं आणि आतलं रजिस्टर काढून उघडलं. पानं कोरडी, सुटी, करकरीत. त्यानं नाक पानांत खुपसलं.

"नव्या कागदाचा वास," तो म्हणाला. "आमच्या कचेरीत असाच वास यायचा."

"दोन कपाटं गेली तुमची, आतल्या फायलींसकट," सिलुवै खाली बघत म्हणाला. हाताला फडकं गुंडाळलेलं होतं.

"कपाटं काय, फळीवर ठेवू. माझी आई बत्तीस जणांबरोबर एका तंबूत आहे, तांडेल. तिला तिच्या घराचा कागद मिळेल." एवढं बोलून त्यानं सवयीनं चष्मा पुसायला खिसा चाचपला. चष्मा केव्हाच समुद्रात गेला होता.

व्यापाऱ्याच्या वह्याही तशाच कोरड्या निघाल्या. त्याबद्दल त्याच्याकडून आभाराचा शब्द आला नाही, उलट उशीर झाला म्हणून तक्रार आली.

परत आल्यावर सिलुवै मला म्हणाला, "चल, तिला कपाटांचं सांगायला हवं."

"तूच जा की."

"टपालपेटी हवी कुणीतरी," तो म्हणाला. म्हणून गेलो.

कित्तेरी शेडमध्ये एकटीच खोके मोजत होती. कपाटं गेल्याचं ऐकून ती भडकलीच. "ती डोलकाठीच्या मागं कुणी बांधली? मी पुढं, खाली बांधायला सांगितली होती! रायप्पन असणार, त्या मेल्याला गाठ मारता येत नाही." मग तिचं लक्ष सिलुवैच्या हाताकडे गेलं. जखमेला खपल्या धरल्या होत्या.

मी सांगायला तोंड उघडलं, पण सिलुवैनं मला हातानंच थांबवलं आणि स्वतः सांगितलं. पंप अडला, कांद्याची साल होती, मी गेलो होतो, वाट मोकळी होती म्हणून परत आलो. एवढंच. ती खोक्यावर बसली. तो उभाच होता.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "तोम्मै तिसऱ्यांदा जायला निघाला तेव्हा मी म्हणालो, थांब, गब्रियेलला सुकाणू देतो आणि मी जातो. तो म्हणाला, तुझे हात राक्षसाचे, पंपाच्या तोंडात जायचे नाहीत. हसत होता. मी हो म्हणालो. मी तेव्हा त्याला हो म्हणायला नको होतं."

कित्तेरीनं त्याच्याकडे बघितलं. "हसत होते?"

"हो."

"मग मला हे आजपर्यंत का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार? खाली जा असं आधी मीच म्हणालो होतो. ते खोटं थोडंच होतं?"

"खोटं नव्हतं," ती म्हणाली. "पण हसत होते हे मला हवं होतं. मला वाटायचं, घाबरत गेले असतील. इतकी वर्षं मला तेच दिसायचं."

मग ती रडली. मोठ्यानं, आमच्या बायका मयताला रडतात तशी. बर्फाच्या कारखान्यातली माणसं बघायला आली, मी त्यांना हाकललं. सिलुवै तिच्याजवळ गेला नाही, तिच्या डोक्यावर त्यानं हातही ठेवला नाही. फक्त शेडच्या दारात पाठमोरा बसून राहिला, तिचं रडून होईपर्यंत.

पावसात 'आरोक्यमाता' किनाऱ्यावर ओढली. सुतारांनी नाळेच्या फळ्या काढल्या, नव्या बसवायला घेतल्या. एके सकाळी कित्तेरी डोक्यावर छत्री धरून तिथं आली. सिलुवै सुतारांशी हुज्जत घालत होता, तिला बघून बाजूला झाला. तोम्मै गेल्यावर ती धक्क्यापर्यंत पुष्कळदा आली होती, पण गलबतावर तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं.

तिनं छत्री मिटून माझ्या हातात दिली आणि शिडीवरून गलबताच्या पोटात उतरली. आम्ही बाहेर थांबलो. सुतारांनी आपणहून ठोकाठोक बंद केली. आत ती काय करत होती ते आम्हाला दिसलं नाही, ऐकूही आलं नाही. पावसाची एक सर येऊन गेली. सिलुवै भिजत उभा होता आणि मी त्याच्यावर छत्री धरायचं विसरलो.

काही वेळानं ती वर आली. डोळे लाल होते, तळव्यांना राळ लागली होती. तिनं हात साडीला पुसले आणि सुताराकडे वळली.

"शिडीची खालून दुसरी पायरी कुजलीय. पाय ठेवला की वाकते. कुणीतरी पडेल."

"ती पुढच्या आठवड्यात बघू, अम्मा," सुतार म्हणाला, "आधी फळ्या…"

"फळ्या राहू देत," सिलुवै म्हणाला. "आधी पायरी बसव. आत्ता."

सुतारानं कुरकुरत हत्यारं उचलली आणि खाली उतरला. ती पायरी बसेपर्यंत कित्तेरी तिथंच उभी होती.